पंचगंगेपासून सुरू होणारा भूगोल

भूगोल शिकवणाऱ्यांना सगळं वरून खाली बघायची सवय जडते. आधी पृथ्वी, मग खंड, मग देश, मग राज्य, आणि परीक्षा तोंडावर आलेली नसेल तर जिल्हा. अकरावीचं पुस्तक भूहालचालींपासून सुरू होतं. फळ्यावर वली आणि प्रस्तरभंगाच्या आकृत्या चालू असतात, बाहेर जुलैचा पाऊस कोसळत असतो, आणि शेवटच्या बाकांखाली मोबाइल या हातातून त्या हातात जात असतो. त्यावर दरवेळी रील्सच असतात असं नाही. पावसाळ्यात बहुतेकदा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी असते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. हे दोन आकडे कोल्हापुरात कुणाला शिकवावे लागत नाहीत. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या पोरांना तर त्यांच्यावरून गोठ्यातली म्हसरं कधी हलवायची तेही कळतं.

विषयाची एक साधी साइट करायची ठरवली, तेव्हा पहिल्या पानावर काय ठेवायचं यावर मी जितकी अडले तितकी पुढे कशावरच अडले नाही. अनुक्रमणिका टाकून मोकळं होता आलं असतं. कॉलेजांच्या साइट कशा असतात ते आपण बघतोच. वर बोधचिन्हाचा पट्टा, खाली मान्यवरांचं मनोगत, मग ध्येयधोरणं, मग उद्घाटनाचे फोटो. चार-पाच वेळा बोट टेकवल्यावर कुठेतरी विषय लागतो, आणि तिथे पुन्हा धड्यांची यादी. त्या यादीत मुलांनी आत शिरावं असं काही नसतं, कारण तीच यादी पुस्तकाच्या पहिल्या पानावरही असते. विषयाला दार हवं, आणि ते मुलं रोज ज्या रस्त्याने जातात तिकडे उघडायला हवं.

म्हणून पहिल्या पानावर एकच प्रश्न आहे : शहरात पाऊस थांबला, तरी पंचगंगा का चढते?

या प्रश्नाच्या उत्तरातून सगळ्या वाटा फुटतात. शहरात थांबला तरी गगनबावड्यात, राधानगरीत कोसळतोय, म्हणून पावसाचं पान. तिथे तो इतका का कोसळतो, म्हणून सह्याद्रीचं आणि डोंगराने वारे अडवल्यामुळे पडणाऱ्या, म्हणजे प्रतिरोध पर्जन्याचं पान. सह्याद्री तिथे उभा कसा राहिला, म्हणून लाव्ह्याचं, बेसॉल्टचं आणि पठारांवरच्या जांभ्याचं पान. धरण भरलं म्हणून राधानगरीचं पान. पाणी पुढे सरकत नाही, म्हणून नदीच्या उताराचं आणि कृष्णेच्या फुगीचं पान. पोरं भूहालचालींपर्यंत पोचतातच, पण सह्याद्री चढून. पुस्तकाला धडे एकामागून एक मांडावे लागतात, छापील कागदाला इलाज नसतो. वेबपानाला ती सक्ती नाही. एखाद्या शब्दाखाली रेघ ओढली की तिथून दुसरीकडे जाता येतं. ज्या अभ्यासकांनी हे जाळं विणलं त्यांचीही गरज हीच होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत प्रस्ताव मांडला तो, माहिती इतक्या ठिकाणी विखुरलीय की कशाचा कशाशी संबंध आहे ते हरवतं, या अडचणीतून.

तांत्रिक सल्ल्यासाठी माझा भाचा आहे. पुण्यात हिंजवडीला असतो. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मावशी, वर्डप्रेस टाकूया. झकास थीम घेऊ, वर फोटोंचा स्लायडर फिरत राहील."

"फिरून काय सांगणार तो?"

"सांगत काही नाही गं. भारी दिसतं."

मी त्याला म्हटलं, माझी अर्धी मुलं डोंगराकडची आहेत. गगनबावड्याच्या वळणांवर फोनची रेंज एका झाडाखाली येते आणि पुढच्या झाडाखाली जाते. तुझा स्लायडर तिथे फिरायला लागेपर्यंत एसटी निघून गेलेली असेल. त्यावर तो हसला, आणि मग गंभीर होऊन म्हणाला, तसं असेल तर तुला एचटीएमएल ही वेबपानं लिहायची साधी भाषाच पुरेल, आणि पानं तूच लिही. मला वाटतं, त्याला माझी कटकट टाळायची होती. पण सल्ला सोळा आणे खरा निघाला.

एचटीएमएल शिकायला वय आड येत नाही, हे माझ्यासारख्या शिक्षकांसाठी सांगते. १९९१ मध्ये त्याचं पहिलं वर्णन लिहिलं गेलं तेव्हा त्यात अठराच खुणा होत्या. आज बऱ्याच वाढल्या आहेत, पण विषयाच्या पानाला मथळा, उपमथळा, परिच्छेद, यादी, तक्ता, चित्र आणि दुवा एवढ्या आल्या तरी भागतं. साध्या नोटपॅडमध्ये लिहायचं, फाइल सेव्ह करायची, ब्राउझरमध्ये उघडून बघायची. रंग आणि अक्षरांचा आकार ठरवणारी सीएसएसची एक छोटी फाइल वेगळी. मथळ्याची खूण मथळ्यालाच लावायची, अक्षर मोठं दिसावं म्हणून नाही, एवढी शिस्त पाळली की बाकीचं ब्राउझर सांभाळून घेतो. मजकुराचं एक पान वीस-पंचवीस केबीचं होतं. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, म्हणजे अशा दीडशे-दोनशे पानांएवढा. तो हजार पिक्सेल रुंदीला आणला की शे-दीडशे केबीत बसतो आणि मोबाइलवर फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

साधेपणाची बाजू घ्यायला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. सर्नने जगातली पहिली साइट १९९१ मध्ये सुरू केली. निव्वळ मजकूर आणि दुवे. २०१३ मध्ये त्यांनी ती मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली, आणि ती आजच्या कुठल्याही फोनवर विनातक्रार उघडते. याउलट आमच्या विभागाच्या कपाटात सीडींचा एक गठ्ठा आहे. भूपट्ट सरकताना दाखवणाऱ्या, ज्वालामुखी फुटताना दाखवणाऱ्या, रंगीत आणि आवाजासकट. त्यातलं बरंचसं काम फ्लॅश या चलचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ते ज्वालामुखी थंड झाले. करणाऱ्यांची मेहनत काही कमी नव्हती. पण जे दुसऱ्याच्या खेळण्यावर उभं केलं, ते त्याने खेळणं उचललं की संपलं. अक्षर, दुवा आणि चित्र यांच्यावर उभं केलेलं पान मात्र तीस-पस्तीस वर्षांनंतरही वाचता येतं.

अक्षर म्हटलं की मराठी शिक्षकाची वेगळी कथा सुरू होते. पूर्वीच्या माझ्या सगळ्या नोट्स आणि प्रश्नपत्रिका श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये. त्या फायली पानावर आणल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि आकड्यांचा चिवडा दिसतो, कारण त्या फॉन्टांमध्ये देवनागरी नुसती दिसण्यापुरती होती. आतून संगणक ते रोमनच समजत होता. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तो असेल तरच शोधता येतं, कॉपी करता येतं, फोनला वाचून दाखवता येतं. जुन्या मजकुराचं रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफारांपाशी ती अडखळतात, आणि रफार गळालेली मराठी म्हणजे मीठ विसरलेला तांबडा रस्सा. मी शेवटी बरंचसं नव्याने टाइप केलं. त्याने एक झालं, जुन्या नोट्समधलं निम्मं लिहिण्यासारखं नव्हतंच हेही कळून चुकलं.

आणि मग ऱ. भूगोल हा मराठीत या अक्षरावर चालणारा विषय आहे, असं मला टाइप करताना वाटायला लागलं. दऱ्या, वाऱ्यांच्या दिशा, किनाऱ्यांचे प्रकार, बंधाऱ्यांची यादी. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक म्हणजे नुक्ता असलेलं स्वतंत्र अक्षर घेऊन, दुसरी म्हणजे साध्या र ला हलंत देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. पानावर "बंधाऱ्या" एका पद्धतीने असेल आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाइप केलं, तर डोळ्यांसमोर असलेला शब्द त्याला सापडत नाही. म्हणून सगळ्या पानांवर एकच पद्धत ठेवली. पानाच्या सुरुवातीला, हा मजकूर मराठी आहे, अशी एक छोटी खूणही घालावी लागते. ती असली की दोन्ही वळणं असलेले फॉन्ट ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात. नाहीतर हिंदी वळणाचे येतात. बहुतेकांच्या ते लक्षातही येत नसेल. माझ्या येतं, काय करणार.

पत्ताही देवनागरीत घ्यावा असा मोह झाला होता. २०१४ पासून .भारत असं टोक असलेले पत्ते मिळतात. पण असा पत्ता व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना कधी कधी त्याचं रूपांतर रोमन अक्षरांच्या विचित्र माळेत होतं, आणि ती माळ बघून कुणीही शहाणा पालक म्हणेल, बाबा रे, दाबू नको, पैसे जातील. सरळ रोमन पत्ता घेतला.

आता तक्त्याबद्दल. जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांचं पाऊसमान द्यायचं होतं. सरकारी तक्ते एका ठरलेल्या क्रमाने येतात. अकारविल्हे लावला तर आजरा वर, हातकणंगले खाली. तसा तक्ता केला आणि त्यातून काहीच दिसेना. मग तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे लावले. गगनबावडा वर, शिरोळ तळाशी. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. दोन्हींत सरळ रेषेत अंतर ऐंशी किलोमीटर असेल नसेल. एकाच जिल्ह्यात, एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली, दहापटीचा फरक. मधला क्रम अगदी काटेकोर उतरत नाही, दक्षिणेकडचे तालुके थोडी गडबड करतात, आणि ती गडबड का होते हाच मग प्रश्न म्हणून खाली ठेवला. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा प्रदेश, ही व्याख्या मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. ओळींचा क्रम बदलल्यावर ती न लिहिताच दिसली.

मोबाइलवर मात्र रुंद तक्ता चालत नाही. उजवीकडचा रकाना पडद्याबाहेर जातो आणि मुलं तो बघतच नाहीत. म्हणून रकाने दोनच, तालुका आणि पाऊस. बाकीचं दुसऱ्या पानावर.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो एका नकाशाने, आणि तोही काढण्यात नव्हे. आधी नकाशा कुठून घ्यायचा हा प्रश्न. कुठल्याही नकाशाचा स्क्रीनशॉट काढून चिकटवता येत नाही, त्यावर कुणाचा तरी हक्क असतो. सर्व्हे ऑफ इंडियाचं स्थलदर्शक पत्रक वर्गात वापरायला उत्तम, ४७ एल या क्रमांकाचं पत्रक म्हणजे कोल्हापूर हे आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीत सगळ्यांनाच लिहावं लागतं. पण पूर्व रेखांश ७४ अंश १५ मिनिटांची रेषा शहरातूनच जाते, त्यामुळे कोल्हापूर दोन पत्रकांच्या शिवणीवर येतं. अर्धं शहर या कागदावर, उरलेलं त्या. शेवटी ओपन स्ट्रीट मॅपचा आधार घेतला. २००४ पासून जगभरातले स्वयंसेवक तो नकाशा करत आलेत, श्रेय दिलं की वापरता येतो. त्यावरून नद्या गिरवून साधी रेषाकृती केली.

पण प्रत्येक चित्रामागे एक मजकूर लिहायचा असतो. चित्र उघडलं नाही तर तो दिसतो, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला फोनमधलं टॉकबॅक तो वाचून दाखवतं. आमच्या वर्गात असा एक मुलगा होता. बहुतेक साइटवर त्या जागी "नकाशा १" किंवा फायलीचं नाव असतं. त्याला ते ऐकू आलं असतं तर तो म्हणाला असता, "व्हय, नकाशा हाय हे कळलं मॅडम, पण त्यात हाय काय?" म्हणून नकाशा शब्दांत लिहायला बसले, आणि आयुष्यभर शिकवलेली नदी मला वाक्यात मांडता येईना. नकाशात बोट फिरवत "ही अशी येते, इथे वळते" म्हणायची सवय. "अशी" म्हणजे कशी?

बरेच कागद फाडल्यावर जे जमलं ते असं. पश्चिमेला सह्याद्री उत्तर-दक्षिण उभा आहे. त्याच्या पूर्वेकडच्या उतारावर चार नद्या आहेत. उत्तरेकडून मोजत आलो तर कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. भोगावती सगळ्यांच्या दक्षिणेला उगम पावते आणि राधानगरीपासून ईशान्येकडे चढत येते. तुळशी आणि कुंभी तिला वाटेत डाव्या हाताने मिळतात. कासारी प्रयाग चिखलीला येऊन मिळते. तिथून पुढे नाव पंचगंगा. ती शहराला उत्तरेकडून वळसा घालते, मग पूर्वेकडे वाकडीतिकडी वळणं घेत, इचलकरंजीवरून, साधारण ऐंशी किलोमीटर जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते.

हे लिहून झाल्यावर मी रेषाकृती पुन्हा बघितली आणि तिच्यातली निम्मी नावं काढून टाकली. वाक्यात ज्यांची गरज पडली नाही, ती चित्रात तरी कशाला?

भाच्याने हे पान वाचून फोन केला. "मावशी, पंचगंगा म्हणतेस आणि चारच मोजल्यास." पाचवी सरस्वती, गुप्त. प्रयागावर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पण नकाशात तिची रेघ कुठे ओढणार? तिचा उल्लेख वगळला तर गावाकडचा आजोबा म्हणेल, या बाईला नदीच ठाऊक नाही. रेघ ओढली तर परीक्षक म्हणेल, हा भूगोल नव्हे. मी मजकुरात लिहिलं, "पाचवी सरस्वती, ती गुप्त मानली जाते." रेघ नाही. दोन्ही बाजूंची तक्रार अजून आलेली नाही.

धरणाचं पान आकड्यांचं आहे, पण मुलांना ते आवडतं. राधानगरीच्या धरणाची सुरुवात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाली, आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उचलले जातात, ओसरलं की मिटतात. "राधानगरीचा तिसरा दरवाजा उघडला" ही बातमी कोल्हापुरात पाहुण्याच्या आगमनासारखी पसरते. एका दरवाजातून १४२८ क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर, आणि सातही उघडले तर जवळपास दहा हजार क्युसेक. हा गुणाकार मी पानावर करून दाखवलेला नाही. जागा मोकळी सोडलीय आणि उत्तर वेगळ्या पानावर ठेवलंय. पोरं उत्तराचं पान आधी उघडतात हे मला माहीत आहे. उघडू देत.

बंधाऱ्यांच्या पानावर माझा जीव जरा जास्त आहे. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढायचे, म्हणजे पुराचं पाणी आणि त्यासोबतचा गाळ मोकळा निघून जातो. पाऊस सरल्यावर बरगे घालायचे, म्हणजे पात्रातच पाणी अडतं आणि काठावरच्या मोटारी उन्हाळाभर उसाला पाणी देतात. राज्यभर याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, पाटबंधारेवाले केटी वेअर म्हणतात. आपल्या गावाचं नाव मिसळीला, चपलेला आणि गुळाला लागलेलं पोरांना पाठ असतं. ते पाणी अडवण्याच्या एका पद्धतीलाही लागलंय हे सांगितलं की वर्गात हमखास एखादा म्हणतो, "नाद खुळा!" ज्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ते डेस्कखाली बघत असतात तो कसबा बावड्याचा बंधाराही याच जातीचा. या पानावर पंचगंगेवरचे बंधारे वरून खाली, प्रवाहाच्या क्रमाने दिले आहेत : राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. बातमीत ही नावं एका दमात येतात आणि कानावरून जातात. क्रमाने बघितली की पूर खाली कसा सरकतो त्याचा माग काढता येतो.

पुराच्या पानाला मी सगळ्यात जास्त घाबरत होते. २०१९ मध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये ५६ च्या. कोल्हापूर-सांगलीत पूर हा भूगोलाचा विषय राहिलेला नाही. तो प्रत्येकाच्या घरातला विषय आहे, आणि प्रत्येकाकडे आरोपी तयार आहे. कुणी कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवतं, कुणी पूररेषेतल्या बांधकामांकडे, कुणी महामार्गाच्या भरावाकडे, कुणी धरणं उशिरा सोडण्याकडे. २०१९ नंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तरी वाद मिटला असं आमच्या चहाच्या टपरीवर कुणी म्हणणार नाही. विषयाच्या साइटने काय करावं? माझं मत विचाराल तर, मत देऊ नये, पण गुळमुळीतही राहू नये. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी ५१९.६ मीटर. ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायची कर्नाटकची योजना आणि त्याला महाराष्ट्राचा विरोध. पंचगंगेचा शहरापुढचा मंद उतार. कृष्णा फुगलेली असली की वाडीच्या संगमावर पंचगंगेचं पाणी मागे दाटतं ही गोष्ट. प्रत्येक दाव्याखाली, तो तपासायला कोणती नोंद बघावी लागेल, एवढंच लिहिलं. एका पालकांनी सांगून पाठवलं, "मॅडमनी अलमट्टीचं स्पष्ट लिहायला पाहिजे होतं." त्यांच्याच मुलाने मला त्या पानावरची एक नोंद अपुरी आहे म्हणून दाखवली होती. ती मी भरून घेतली.

काय ठेवायचं नाही हेही ठरवावं लागलं. पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा नाही, कारण तो बालभारतीचा आहे आणि त्यांच्याकडे वाचायला मिळतोच. झेरॉक्सवरून स्कॅन केलेल्या पीडीएफ नाहीत, त्या फोनवर दोन बोटांनी ताणून ताणून वाचाव्या लागतात आणि टॉकबॅकपुढे तर त्या मुक्याच. मुलांची नावं, नंबर, फोटो नाहीत. अपेक्षित प्रश्न नाहीत, आणि यावरून मुलं माझ्यावर खट्टू आहेत.

फायली गिटहब या संकेतस्थळावर ठेवल्या आहेत, साधी पानं तिथून फुकट दाखवता येतात. खर्च फक्त पत्त्याचा, दरवर्षी भरायचा. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी आपल्या विषयाची फार चांगली साइट केली होती. आजारपणात पत्त्याचं नूतनीकरण राहिलं. आज तो पत्ता उघडला तर कसल्याशा जुगाराची जाहिरात येते. त्यांच्या लेखांचा काही भाग इंटरनेट अर्काइव्हमध्ये सापडला, १९९६ पासून ही संस्था पानांच्या प्रती जपून ठेवते, म्हणून निदान तेवढं तरी. मी माझ्या साइटची सगळी फाइल-पेटी ग्रंथालयातल्या संगणकावर आणि विभागातल्या धाकट्या सहकारी मॅडमकडे दिली आहे. पत्ता गेला तरी ते फोल्डर उघडून कुठलंही पान नेटशिवाय वाचता येतं. हाही साधेपणाचाच फायदा. प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख आहे. पुराच्या पानावरची तारीख सारखी बदलते, जांभ्याच्या पानावरची जागची हलत नाही.

मध्यंतरी गडहिंग्लजची एक मुलगी वर्ग संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, आमची नदी न्हाई त्यात." खरंच नव्हती. पंचगंगेचं दार उघडताना जिल्ह्याचा दक्षिण भाग दाराबाहेर राहिला होता. वेदगंगा, दूधगंगा, ताम्रपर्णी, हिरण्यकेशी. तिला म्हटलं, तू लिही, मी लावते. तिने वहीच्या चार पानांत हिरण्यकेशी लिहून आणली : आंबोलीला उगम, आजऱ्याजवळ रामतीर्थचा धबधबा, गडहिंग्लज, मग कर्नाटकात शिरून संकेश्वर आणि पुढे घटप्रभेला मिळणं. तिची नदी पंचगंगेला मिळतच नाही, त्यामुळे पहिल्या पानावरच्या माझ्या प्रश्नातून तिच्यापर्यंत कुठलाच दुवा जात नव्हता. दुसरं दार काढावं लागणार. त्याच्यावर कोणता प्रश्न लिहायचा ते मी तिलाच विचारलंय. ती म्हणाली, आधी चित्री धरणाचे आकडे बघून घेते, मग सांगते.